भंडारदऱ्याचे पाणी आणि सत्तरीचे गुडघे

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वर्षभरात दोन काठ असतात. पावसाळा सरता सरता धरण तुडुंब भरते, तेव्हा पाणी थेट गवताच्या कडेला येऊन टेकते. मोटारीतून उतरावे, थोडी पावले चालावीत आणि वाकून ओंजळ भरावी इतके ते जवळ असते. पुढे प्रवरेच्या कालव्यांसाठी आवर्तने सुटू लागतात आणि पाणी महिन्यामहिन्याने मागे सरते. मे महिन्यात तोच काठ खूप खाली, भेगाळलेल्या गाळाच्या आणि सुट्या दगडांच्या उतारापलीकडे गेलेला असतो. तिशीतला माणूस तो उतार गप्पा मारीत उतरतो. ज्याचे गुडघे झिजले आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे आणि मधुमेहाने तळपायांची संवेदना बोथट केली आहे, त्याच्यासाठी मात्र त्या उतारावरचे प्रत्येक पाऊल ही एक स्वतंत्र कामगिरी ठरते.

म्हणूनच ज्येष्ठांसह सहल आखताना ‘कुठे जायचे’ हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला प्रश्न ‘केव्हा जायचे’ हा. ठिकाण तेच असले तरी ऋतू बदलला की ते वेगळे ठिकाण होते.

नाशिकला दवाखाना असल्यामुळे दिवाळीच्या आधी मला दरवर्षी एकाच स्वरूपाची विचारणा होते. मुले परगावाहून येणार असतात, दोन दिवस भंडारदऱ्याला जायचे ठरलेले असते, तंबूत मुक्काम, पाण्यात कयाक, डोंगरात थोडी पायपीट असा बेत असतो. आणि मग शेवटी, काहीसे संकोचून, ‘डॉक्टर, आईबाबांना न्यावे का?’ असे विचारले जाते. बहुतेक घरांत याचे उत्तर आधीच ठरलेले असते. आईबाबांना न्यायचे, पण त्यांनी मोटारीत बसायचे. किंवा खोलीवर ‘आराम करायचा’. तीन तास अवघडून बसून प्रवास करायचा, दुसऱ्या गावच्या खुर्चीवर बसून राहायचे, आणि संध्याकाळी नातवंडांच्या भ्रमणध्वनीवर तळ्याची छायाचित्रे पाहायची. माझ्या मते हे घरी राहण्यापेक्षा वाईट आहे. प्रवासाचा सगळा शीण वाट्याला येतो आणि सहलीचे सुख काहीच नाही.

न्यायचे असेल तर त्यांच्यासाठी सहल आखली पाहिजे. ती आखता येते आणि ती कशी, हेच आज सांगायचे आहे.

ठिकाणाची थोडी ओळख आधी करून देतो. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि शेंडी गावाजवळ विल्सन धरणाने अडवली जाते. या दगडी धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. मागच्या पाण्याला आर्थर लेक असे साहेबी नाव आहे. पण सगळे भंडारदराच म्हणतात. एका बाजूला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. दुसऱ्या टोकाला रतनगड आणि त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर. पलीकडे घाटघर, जिथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फिरून पुन्हा शेंडीला येतो. वाटेत महादेव कोळी समाजाच्या वाड्या आणि भाताची खाचरे. सारा प्रदेश कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीतला. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. ज्येष्ठांनी ते शिखर घोटीकडून येताना बारी गावातूनच पाहावे. पाहण्यातही पुष्कळ आहे.

आता ऋतूंचा हिशेब. जुलै–ऑगस्टमध्ये हा परिसर सर्वांत देखणा असतो आणि ज्येष्ठांना सर्वांत प्रतिकूल. घाटघरचा पाऊस प्रसिद्ध आहे. दगडांवर शेवाळ, रस्त्यावर धुके, कपडे वाळत नाहीत, दमेकऱ्यांची छाती वाजू लागते. पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नाही. या दिवसांत फार तर मोटारीतून फिरावे, रंधा धबधबा सुरक्षित कठड्याच्या अलीकडून पाहावा आणि उजेड असतानाच परतावे.

मे अखेर ते जून मध्यापर्यंत काजव्यांचा मोसम असतो. हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उजळतात आणि विझतात. एकदा तरी पाहावे असे ते दृश्य आहे. पण ते काळोखात पाहायचे असते, विजेरी न लावता, रस्त्याकडेच्या खडबडीत जमिनीवर, आणि शनिवार-रविवारी वाहनांच्या गर्दीत. वयानुसार डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला अधिक वेळ लागतो. मध्येच एखाद्या मोटारीचा झोत पडला की वृद्ध माणूस काही क्षण अक्षरशः आंधळा होतो. घडीची खुर्ची सोबत न्यावी, आधीपासून पाहून ठेवलेल्या सपाट जागी ती मांडावी आणि ज्येष्ठांना चालायला लावू नये. काजव्यांपाशी आपण गेलोच पाहिजे असे नाही. झाड थोडे दूर असले तरी ते दिसते.

राहिले ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हा खरा आपला काळ. ऑक्टोबरमध्ये पाणी काठाशी असते आणि सोनकीची पिवळी फुले उतारांवर उरलेली असतात. पण दुपारचे ऊन जाचक असते आणि ओढे वाहते असल्यामुळे पायवाटांवरचे दगड ओले असतात. डिसेंबर–जानेवारीत वाटा कोरड्या, हवा निर्मळ, मात्र पहाटेचा गारठा कडक. थंडीने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. हृदयविकार असलेल्यांच्या छातीत अशा पहाटे चालताना कळ येऊ शकते. सूर्योदय पांघरुणासह खिडकीतून पाहावा, न्याहारी करावी आणि नऊच्या सुमारास बाहेर पडावे. या दोन्हींच्या मधला, दिवाळीनंतरचा नोव्हेंबर मला सर्वांत सोयीचा वाटतो.

इथे एका रुग्णाची हकीकत सांगतो. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

बाई निवृत्त शिक्षिका. वय ७१. मधुमेह जुना, रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात, उजवा गुडघा झिजलेला. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून मनगटाचे हाड मोडले होते. ते सांधले, पण तेव्हापासून मुलाने त्यांना एकटीने जिनासुद्धा उतरू दिला नव्हता. भाजी दारात येई, देवळात मोटारीने जाणे होई. मुलाच्या प्रेमाविषयी शंका नाही. तथापि पडण्याच्या भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की मांड्यांचे स्नायू आटतात आणि स्नायू आटले की पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र मी अनेक घरांत पाहतो, आणि ते बहुधा मायेच्या माणसांनीच फिरते ठेवलेले असते.

भंडारदऱ्याचा बेत ठरला तेव्हा मुलगा म्हणाला, ‘‘आई, तू खोलीवर आराम कर, आम्ही दोन तासांत पाण्यावरून येतो.’’ त्यावर बाई त्याच्याकडे न पाहता मला म्हणाल्या, ‘‘आराम मी घरी रोजच करते.’’ त्यांची पहिली नेमणूक अकोले तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत होती. विशीतली तीन वर्षे त्यांनी त्या डोंगरांत काढली होती. त्या पाण्याकडे त्यांना खिडकीतून पाहायचे नव्हते.

आमच्या हातात आठ आठवडे होते आणि ते पुरेसे असतात. पहिल्या दिवशी मी त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितले. अर्ध्या मिनिटात त्या सहा वेळा उठल्या. माझा दवाखान्यातला ठोकताळा असा की या वयाच्या माणसाला साधारण दहा वेळा तरी उठता आले पाहिजे. मग जमिनीवर बसून उठायला सांगितले. आधाराशिवाय जमले नाही. ही दुसरी चाचणी कयाकसाठी फार महत्त्वाची आहे, कारण कयाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर, पाय पुढे पसरून बसतो. बसणे सोपे असते, उठणे नाही.

त्यांना दिलेला व्यायाम साधाच होता. खुर्चीवरून उठबस, सकाळ-संध्याकाळ. ओट्याला एक हात टेकून एका पायावर उभे राहणे. जिन्याची एकच पायरी चढणे-उतरणे, आणि त्यातही उतरण्यावर भर. कारण गुडघा दुखतो तो उतारावर. खुर्चीत बसून हातात काठी आडवी धरून वल्ह्याचा फेर. यात खांदे न ताणता कमरेपासून वरचे धड वळवायचे असते, हे त्यांच्या पटकन ध्यानात आले. जात्यावर दळण्याची आठवण त्यांनीच काढली. रोजचे चालणे दहा मिनिटांपासून सुरू करून चाळीसपर्यंत नेले. सहाव्या आठवड्यात त्या एका हाताचा आधार घेऊन जमिनीवरून उठू लागल्या. तोपर्यंत कयाकविषयी मी हो किंवा नाही काहीच म्हटले नव्हते.

आपल्या घरी अशी तयारी सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर भेटावे. अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, विश्रांतीतही धाप लागत असेल, पायांवर सूज असेल, फेफरे आटोक्यात नसेल, खांदा निखळण्याची सवय असेल, नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर कयाकचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर किरकोळ आपटण्यानेही मोठा रक्तस्राव होऊ शकतो. डोक्याला मार बसल्यास, वरून काही दिसत नसले तरी, रुग्णालय गाठावे. पण कयाक नाही म्हणजे पाणीच नाही, असे मात्र होऊ देऊ नये. शेंडीच्या बाजूने जलाशयात नावाही चालतात. पाठ टेकता येईल अशा बाकावर बसून, लाइफ जॅकेट घालून केलेला तासाभराचा जलप्रवास पुष्कळ ज्येष्ठांना झेपतो.

कयाक अलीकडे काठावरच्या काही मुक्कामांवर मिळतो. आरक्षण करतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. कयाक वरून उघडा, सपाट बैठकीचा आहे का? ज्यात कंबरेपर्यंतचा भाग आत जातो असा बंदिस्त कयाक ज्येष्ठांना देऊ नये. उलटल्यास त्यातून सुटणे अवघड जाते. पाठीला टेकू आहे का? आणि दोघांच्या कयाकमध्ये सोबत जाणकार माणूस बसेल का? जाणकार मागे बसतो, कारण नाव वळवणे मागून होते. ज्येष्ठ पुढे बसतात. पुढे बसणाऱ्याने वल्हे थांबवले तरी काही बिघडत नाही. उलट त्याला समोर फक्त पाणी आणि डोंगर दिसतात.

लाइफ जॅकेटविषयी तडजोड नको. ‘मला पोहता येते’ हे उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या शरीराचे असते. जॅकेटचे सगळे पट्टे आवळून झाल्यावर कुणीतरी खांद्यांपाशी धरून ते वर ओढून पाहावे. हनुवटीपर्यंत सरकले तर ते सैल आहे, किंवा मापाचे नाही. गार पाण्यात अचानक पडल्यास पहिल्या क्षणी श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तो क्षण तोंड पाण्याबाहेर राहण्याचा असावा लागतो. जॅकेट त्या क्षणासाठी आहे.

वारा सकाळी पडलेला असतो आणि दुपारकडे वाढतो. म्हणून पाण्यावर जायचे ते सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान, काठाला समांतर, काठाच्या जवळून. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर परतताना वारा सोबतीला येतो. आणि वळायचे कधी? तरुण मंडळी अर्धी ताकद संपल्यावर वळतात. ज्येष्ठांनी एक तृतीयांश संपल्यावर वळावे. परतीला एक तृतीयांश, आणि उरलेली उतरून खोलीपर्यंत पोचायला. ही शेवटची वाटणी बहुतेक जण विसरतात. पाण्यावर बोलता बोलता वल्हवता येत असेल तर गती ठीक. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागत असेल तर थांबावे.

उतरण्याची जागा आधी पाहून ठेवावी. गुडघाभर पाणी, खाली वाळू किंवा बारीक खडी, चिखल नको. एकाने कयाक धरायचा, दुसऱ्याने ज्येष्ठांच्या समोर उभे राहायचे. ज्येष्ठांनी आधी दोन्ही पाय एका बाजूला पाण्यात सोडावेत, मिनिटभर तसेच बसावे, पावले हलवावीत आणि मग उठावे. बराच वेळ पाय पसरून बसल्यावर एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हे अधिकच होते. काखेत हात घालून ओढू नये. त्याने खांदा दुखावतो. आपला हात पुढे करून तो त्यांना धरू द्यावा.

आमच्या बाई वीस मिनिटे पाण्यावर होत्या. उतरताना दोघांचा आधार लागला. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा जड होता, बर्फाने शेकल्यावर दोन दिवसांत बरा झाला. मुलगा शेजारच्या कयाकमध्ये होता आणि, सुनेने मला नंतर सांगितले, त्याने पूर्ण वेळ आईवरची नजर काढली नाही. त्यामुळे त्याचाच कयाक दोनदा काठाला जाऊन घासला.

चालण्यासाठी रतनवाडीची वाट सुचवतो. मंदिर शिलाहारकालीन मानतात. काळ्या पाषाणावर बारीक कोरीव काम, आणि जवळच दगडी पुष्करिणी. मधुमेहींनी इथे एक काळजी घ्यावी. पादत्राणे काढून आवारात शिरताना दुपारची फरशी तापलेली असते. संवेदना गेलेल्या तळपायांना चटका कळत नाही, आणि रात्री फोड दिसतो. जाड सुती मोजे घालून जावे, शक्यतो सकाळी जावे, आणि खोलीवर आल्यावर तळपाय आरशात किंवा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावेत. गाभाऱ्यात अंधार असतो आणि दगड गुळगुळीत झालेले आहेत. उंबऱ्यापाशी थांबून डोळे स्थिरावू द्यावेत.

मंदिरापासून रतनगडाकडे जाणारी वाट सुरुवातीला प्रवरेच्या ओढ्याच्या संगतीने झाडीतून जाते. गड चढायचा नाही. पंधरा-वीस मिनिटे जायचे, सावलीत बसायचे, परत यायचे. ओढा ओलांडावा लागेल तिथे, दगड ओले असतील तर, तीच आपली सीमा समजावी. दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात. काठी टेकून उभे राहिल्यावर कोपर काटकोनात वाकले तर तिची उंची बरोबर. एका काठीने आधार मिळतो. दोन काठ्यांनी उतारावर गुडघ्यांवरचा भारही कमी होतो. बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले असावेत. आणि सोबतच्यांनी ज्येष्ठांच्या पुढे झपाझप चालून वळणावर वाट पाहू नये. मागून येणारा पोचतो आणि पुढची मंडळी विश्रांती संपवून उठतात, हे मी प्रत्येक डोंगरवाटेवर पाहतो. सर्वांत मंद चालणाऱ्याला सर्वांत कमी विसावा! मंद चालणाऱ्याला पुढे ठेवावे. सगळ्यांची गती आपोआप ठरते.

एका विषयावर घरांत बोलले जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. सहलीला निघालेल्या पुष्कळ वृद्ध स्त्रिया सकाळपासून पाणी पीत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह असेल की नाही, असले तर बसता येईल की नाही, मुलाला पुन्हापुन्हा मोटार थांबवायला कसे सांगायचे, या विचाराने त्या घसा कोरडा ठेवतात. प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुषही तेच करतात. परिणाम दुपारी दिसतो. चक्कर, पायांत गोळे, डोकेदुखी, कधी असंबद्ध बोलणे. आणि आठवडाभराने मूत्रमार्गाचा संसर्ग. यावर उपाय सोबतच्यांच्या हातात आहे. दर दीड तासाला, कुणी न विचारता, मोटार थांबवावी. ‘कुणाला जायचे आहे का?’ असे विचारू नये, सर्वांनी उतरावे. त्याने पायांतले रक्ताभिसरणही सुधारते. मुक्काम ठरवताना पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप खोलीला लागून आहे की तंबूपासून दूर, हे विचारावे. रात्री काळोखात तंबूच्या दोऱ्या ओलांडीत जाणे हा पडण्याचा हमखास मार्ग आहे. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

घाटात मळमळू नये म्हणून काही जण दुकानातून गोळी घेतात. तिच्याने झोप येते, तोल जातो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. पुढच्या आसनावर बसणे, पोट हलके ठेवणे आणि नजर दूरच्या रस्त्यावर ठेवणे यांनी बहुतेकांचे भागते.

मधुमेहींनी चालण्या-वल्हवण्याच्या दिवशी साखर उतरू शकते हे ध्यानात घ्यावे. गोळ्यांचे किंवा इन्सुलिनचे प्रमाण त्या दिवसापुरते बदलायचे का, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर असावी. मोटारीत ठेवलेली उपयोगाची नाही. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ दिसला तर आधी साखर द्यावी, मग तपासावे. छातीची धडधड मंद करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. जेवणाची वेळ पाळावी. गावात घरगुती जेवणाची सोय होते, पण ते आधी सांगावे लागते. सांगितल्यापासून भाकरी तव्यावर पडेपर्यंत तास जातो.

निघण्यापूर्वी एका कागदावर आजार, चालू औषधे आणि त्यांची मात्रा, ॲलर्जी, घरच्या डॉक्टरांचा क्रमांक लिहून तो ज्येष्ठांच्याच खिशात ठेवावा. राजूर, अकोले आणि घोटी ही जवळची मोठी गावे. आपल्या मुक्कामापासून कोणते रुग्णालय जवळ आणि रात्री तिथे कोण असते, हे मुक्कामाच्या मालकाला विचारून ठेवावे. डोंगराच्या आड भ्रमणध्वनीचा संपर्क तुटतो. १०८ ला फोन कुठून लागतो ती जागा दिवसा पाहून घ्यावी. सर्पदंश झाल्यास दोरी आवळून बांधू नये, चिरू नये, चोखू नये. तो अवयव हलू न देता, माणसाला चालू न देता, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला न्यावे का, असे काळजीवाहक विचारतात. आजाराच्या सुरुवातीच्या अवस्थेत, एका मुक्कामापेक्षा दिवसभराची सहल बरी. अनोळखी खोलीत संध्याकाळनंतर गोंधळ वाढतो आणि रात्री दार उघडून बाहेर जाण्याचा धोका असतो. आणि बाहेर पाणी आहे. मुक्काम करायचाच असेल तर दाराला वरची कडी आहे का ते पाहावे आणि खोलीत दिवा ठेवावा. कयाक त्यांच्यासाठी नाही. काठावर बसून पाण्याकडे पाहणे मात्र त्यांना शांत करते, असा माझा अनुभव आहे.

आणि काळजीवाहकांनो, दोन दिवसांत एक दुपार आपली स्वतःची ठेवा. आपल्यापैकी अनेक जण सहलीलाही औषधांचा डबा, गरम पाण्याची पिशवी आणि चिंता घेऊन जातात आणि अधिक दमून परततात. दुपारी ज्येष्ठ विश्रांती घेत असतील तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तिथे बसावे. आपण काठाने एकटे चालून यावे. कयाकसुद्धा चालवावा.

परतल्यावरचे दोन दिवस मोकळे राखावेत. अंग दुखणे स्वाभाविक आहे. एकच पोटरी सुजून दुखू लागली, लघवीला जळजळ झाली, ताप आला, धाप लागली, तर मात्र ‘प्रवासाचा शीण’ म्हणून घरी थांबू नये. आमच्या बाई चौथ्या दिवशी दवाखान्यात आल्या त्या साखरेची वही दाखवायला. वाडीवरची त्यांची जुनी शाळा आता पक्क्या इमारतीत आहे, असे त्यांनी सांगितले. मार्चमध्ये पाणी कुठवर उतरलेले असते, हेही विचारले. मी त्यांना फेब्रुवारीच सुचवला आहे, मधल्या वारी, सुट्ट्या नसताना. जिना त्या आता एकट्या उतरतात. मुलगा खालच्या पायरीवर उभा असतो.